चंदेरीच्या धुक्यात दिलेली ओ

चंदेरीला पावसाळ्यात जाऊ नये, असं मी स्वतः कितीतरी जणांना बजावलेलं आहे. शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे बजावायची सवयच जडली आहे. ज्यांनी चंदेरी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पनवेलच्या कुठल्याही गच्चीवरून पूर्वेकडे बघितलं की प्रबळगड आणि त्यामागे माथेरानचा लांबलचक पसारा दिसतो. त्याच्या डाव्या अंगाला, नवरा-नवरीच्या सुळक्यांच्या ओळीत, एक डोंगर टोक काढून उभा असतो. तो चंदेरी. पायथ्यापासून गुहेपर्यंत दमछाक आहे, भीती नाही. गुहेच्या पुढे मात्र माथ्याकडे एक धार जाते. दोन्हीकडे दरी आणि मध्ये माणूस जाईल एवढी वाट. उन्हाळ्यातसुद्धा ती जपून चालावी लागते. पावसात तिथे जायचं काही कारणच नसतं.

मला आणि अविनाशला कारण होतं.

अविनाश माझा भाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी धाकटा. तो कॉलेजात असल्यापासून आम्ही दोघं पनवेलच्या आसपासचे डोंगर पालथे घालत होतो. कर्नाळ्यापासून सुरुवात केली आणि मग सुटलोच. आई म्हणायची, लोकांच्या मुली हळदीकुंकवाला जातात, आमची किल्ल्याला जाते. मी लग्न केलं नाही, त्याने केलं, तरी रविवार आमचे राहिले. त्याच्या बायकोला, मेधाला, डोंगराचं काही पडलेलं नव्हतं; ती आम्हाला डबा भरून द्यायची आणि परत झोपायची. या सगळ्या वर्षांत एक चंदेरीचा माथा तेवढा राहून गेला. एकदा धारेच्या तोंडाशीच आग्यामोहोळ उठलं. दुसऱ्यांदा अवीच्या एका मित्राचा पाय मुरगळला आणि त्याला पाठुंगळीला मारून खाली आणण्यात दिवस गेला. दोन्ही वेळा हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

अठ्ठ्याण्णव साली अवीला अमेरिकेची नोकरी लागली. दोन हजार साल लागताना जगातले सगळे कॉम्प्युटर म्हणे गोंधळणार होते, आणि तो गोंधळ निस्तरायला अमेरिकेला आमचा अवी हवा होता. दोनच वर्षांचा प्रश्न आहे, असं तो सगळ्यांना सांगत होता. दोन वर्षांसाठी म्हणून गेलेल्यांच्या खोल्यांत भाडेकरू राहताना मी आमच्याच गल्लीत पाहिले होते. श्रावणातल्या गुरुवारचं विमान ठरलं. त्याच्या आधीच्या शुक्रवारी, बॅगांना कुलपं शोधत असताना, तो सहज म्हणाला, "ताई, चंदेरी राहिला."

भूगोलाच्या बाईंनी खरं म्हणजे इथे नाही म्हणायला हवं होतं. पण माझ्या मनात त्या आठवडाभर एकच गोष्ट घोळत होती. हा गेला की रविवार संपले. तो जायच्या आधी एकदा, एकदाच, चंदेरीच्या टोकावर त्याच्या शेजारी उभं राहायचं होतं. मी विचारलं, रविवारी नेऱ्याची पहिली गाडी पकडायची का?

नेरे

निघताना आईने छत्री दिली. डोंगरावर छत्री नेत नाहीत हे आम्ही तिला बारा वर्षं सांगत होतो आणि बारा वर्षं ती देत होती. अवीने या वेळी निमूटपणे घेतली. परदेशी जाणारा मुलगा एकदम आज्ञाधारक होतो, हे मी तेव्हा पाहिलं.

एस.टी.त आमच्या शेजारी पलीकडच्या गावचे एक आगरी काका बसले होते. मांडीवर खताची पिशवी, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. आमच्या पाठपिशव्या आणि दोराचं वेटोळं बघून त्यांनी विचारलं, पावसात डोंगरावर काय हाय? अवी म्हणाला, गेल्या दोन वेळी राहिलंय ते बघायचंय. काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, आमी डोंगर खालनंच बघतो, चांगला दिसतो. दुरून डोंगर साजरे ही म्हण त्यांनी आमच्या तोंडावर मारली नाही, एवढी माणुसकी दाखवली.

नेऱ्याच्या पुढे उतरलो. गाढी नदी गढूळ आणि फुगलेली होती, पण पुलाखालून शहाण्यासारखी जात होती. लावण्या आटोपून भात चांगलं वीतभर वर आलेलं. खाचरांच्या बांधावरून चालताना अवी नेहमी पुढे पळायचा आणि मी मागून ओरडायची. त्या दिवशी तो माझ्या बरोबरीने चालत होता. बांध एका माणसापुरता असल्यामुळे त्याला सारखा चिखलात पाय घालावा लागत होता, तरी तो पुढे गेला नाही. मला ते फार लागलं. चल ना पुढे, असं मी म्हटलंसुद्धा.

पायथ्याच्या ठाकरवाडीत एका माणसाने गुहेपर्यंतची वाट बरी असल्याचं सांगितलं. पुढच्या धारेचं विचारलं तर त्याने फक्त आकाशाकडे बघितलं. आकाश नव्हतंच. डोंगराच्या कमरेपासून वर सगळं पांढरं होतं.

गुहा

गुहेपर्यंतचा चढ घामाने आणि पावसाने सारखाच भिजवत पार पडला. गुहेत महादेवाची पिंड आहे. श्रावण असल्यामुळे तिच्यावर ताजा बेल होता. आमच्या आधी कुणीतरी येऊन गेलं होतं. आम्ही ओले कपडे पिळले आणि डबा उघडला. तांदळाची भाकरी, लसणाची चटणी, आणि मेधाने अवीच्या आवडीची म्हणून घातलेली वालाची उसळ. तिकडे वाल मिळत असतील का, यावर आमची गंभीर चर्चा झाली. अवीचं मत पडलं की तिथे सगळं मिळतं. मी म्हटलं, सोलून कोण देणार?

खाऊन होतंय तोच धुकं एकदम फाटलं. खाली पनवेलपर्यंतचं सगळं हिरवं खोरं, नदीचा पट्टा, नव्या पनवेलच्या इमारतींचे ठोकळे, आणि पार टोकाला खाडीची पांढरी रेघ. मी आमचं घर शोधायला लागले. तलावापासून मोजत मोजत मी बोटाने दाखवलं, तो बघ, त्या पिवळ्या टाकीच्या मागे. अवी बघत होता खाडीच्या पलीकडे, मुंबईकडे. विमानतळ तिकडेच. त्याच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती, अगदी लहान मुलाची असते तशी, आणि ती मला दिसू नये म्हणून तो लगेच म्हणाला, हो हो, दिसलं घर. मी त्याला लहानाचं मोठं केलेलं आहे. मला दिसायचं ते दिसलं. मुलगा जायला आतुर आहे आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, हे कळत होतं, तरी मी रिकामा डबा उगाचच दोनदा बांधला.

उघडीप बघून आम्ही ठरवलं, धारेवर जाऊन बघायचं. नाही जमलं तर परत.

धार

उघडीप आम्हाला धारेवर नेण्यापुरतीच होती. आम्ही मध्यावर पोचलो आणि पनवेलच्या अंगाने ढग वर चढून आले. वारा इतका की उभं राहिलं तर ढकलून देईल. पाऊस खालून वर येत होता, हे मी मुलांना वर्गात सांगितलं तर ती हसतील. वाट म्हणजे मुरमाड घसारा आणि त्यावर निसरडं गवत. एका ठिकाणी धार इतकी बारीक झाली की आम्ही दोघंही घोड्यावर बसतात तसे पाय दोन्हीकडे टाकून सरकत गेलो. तिथेच अवीच्या पिशवीला अडकवलेली आईची छत्री वाऱ्याने उघडली. क्षणभर मला वाटलं, छत्रीबरोबर हाही जातो. त्याने बंद तोडला आणि छत्री आमच्या डोळ्यांदेखत कर्जतच्या दिशेने निघून गेली. आम्ही दोघं त्या धारेवर बसून वेड्यासारखे हसलो. आईला काय सांगायचं, हाच तेव्हाचा मोठा प्रश्न होता.

पुढे एक कातळाची पायरी होती, पुरुषभर उंचीची. अवी आधी चढला, वरून दोर धरला, मी चढले. वर पाठ टेकून बसता येईल असा एक खडक होता. तिथून माथ्याचा शेवटचा कातळ जवळच असणार, पण दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं.

अवी म्हणाला, "तू इथेच बस. मी तो दगड चढण्यासारखा आहे का बघतो. एक हाक मारली तर ये. दोन मारल्या तर बसून राहा, मी परत येतो."

ही आमची जुनी पद्धत. नावाने नाही, नुसती लांब कूऽ अशी हाक. दोर माझ्याजवळ ठेवून तो गेला. दहा पावलांत पुसला गेला.

मी थांबले. किती वेळ ते सांगता येणार नाही, थंडीत आणि एकटेपणात वेळ खोटा होतो. मला एवढंच वाटत होतं की एक हाक यावी. दोन येऊ नयेत.

एकच आली. जरा उजवीकडून, वाऱ्यात विरत, पण एकच. मी जिवाच्या आकांताने कूऽ करून ओ दिली आणि दोर गळ्यात घालून निघाले. थोडं गेल्यावर खात्री करायला पुन्हा हाक दिली. पुन्हा उत्तर आलं. मी हाक द्यायची, तिकडून यायची. इतका आनंद मला डोंगरात कधी झाला नव्हता. पायाखाली घसाऱ्याऐवजी गवत लागलं, धार किंचित उतरू लागली. माथ्याकडे जाताना उतार कसा, हा प्रश्न भूगोलाच्या बाईंना पडायला हवा होता. पडलाही. पण समोरून अवी बोलावत होता, आणि तो बोलावत असताना मी थांबणं शक्य नव्हतं.

मग पाय सटकला. मी बसकण मारली ती तशीच घसरत गेले आणि हाताला कारवीचं झुडूप लागलं ते धरलं. माझ्या पायाने सुटलेला धोंडा पुढे गेला आणि त्याचा पडल्याचा आवाज आलाच नाही. मी ओरडले, अवी. खालून, अगदी जवळून, बाईचा आवाज आला.

"बाय, थांब तिथंच. पुढं काय नाय."

डाव्या हाताला, जरा खालच्या घळीत, एक बाई उभी होती. डोक्यावरून पाठीवर पानांचं इरलं, हातात काठी, मागे दोन-तीन गुरं. मी तिला विचारलं, माझा भाऊ कुठाय? ती म्हणाली, हितं मी हाय नि माजी गुरं हायत, दुसरं कोन नाय. मग तिने मला शांतपणे डोंगराकडे तोंड करायला लावलं आणि आल्या वाटेने वर जायला सांगितलं. मुख्य धार सोडून मी बाजूला फुटलेल्या एका सोंडेवर उतरले होते, आणि ती सोंड तिथेच संपत होती. झुडूप सोडून हात दुसरीकडे न्यायला मला बराच वेळ लागला. मी मरणाला भ्यायले होते, आणि त्याहून जास्त या विचाराला, की अवी कुठे असेल.

मी सोंडेच्या तोंडाशी पोचले तेव्हा त्याची हाक ऐकू आली. ही नुसती कूऽ नव्हती. ताई, ताई असा तो ओरडत होता, लहानपणी जत्रेत माझा हात सुटला होता तेव्हा ओरडला होता तसा. धुक्यातून आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. थोड्या वेळाने मी म्हटलं, तो शेवटचा दगड? तो म्हणाला, आज नको ताई, परत फिरू. मी मान हलवली. तिसऱ्यांदाही राहिलं, आणि आता कायमचंच राहिलं, असं मला कळलं, आणि मी पावसाचा फायदा घेऊन रडून घेतलं.

हिरीचं घर

ती बाई गुहेच्या खाली वाट बघत थांबली होती. तिचं नाव हिरी. आमची अवस्था बघून ती आम्हाला वाडीत घरी घेऊन गेली. कुडाच्या भिंती, आत चुलीचा धूर आणि ऊब. कोरा चहा दिला, गूळ घातलेला, आणि नाचणीच्या भाकरीवर भाजलेलं सुकट. श्रावणात सुकट. अवीने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि आम्ही दोघांनीही खाल्लं. आईला छत्रीचं सांगायचंच होतं. हे नाही सांगितलं तरी चालणार होतं.

जरा जीव थाऱ्यावर आल्यावर मी हिरीला विचारलं की धुक्यातून तू मला कूऽ अशी हाक का मारलीस. तिला प्रश्नच कळला नाही. मी नाय मारली, ती म्हणाली, तुमी मारली, मी दिली. धुक्यात साद आली की ओ द्यायची, ही त्यांची रीत. माणूस ओळखीचा असो वा नसो. हरवलेल्याला कळावं की आसपास कुणीतरी आहे, म्हणून. तिची सासू द्यायची, तिची पोरं देतात. साद अशी रिकामी सोडू नये, असं ती म्हणाली.

मला आमचं घर आठवलं. आईने आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, दिवेलागणीनंतर बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. तीनदा आली तरच माणसाची समजायची. पनवेलमध्ये अजूनही कितीतरी घरांत हे पाळतात. वीस किलोमीटरवर हाकेची रीत पार उलटी होते, हे मला माहीत नव्हतं. आम्ही आमच्या खाणाखुणा ठरवताना डोंगरावर आम्ही दोघंच आहोत असं धरून चाललो होतो.

भाकरी उलटत हिरी पुढे म्हणाली, "दोन बाजूंनी साद येत व्हती. एक तुजी, एक पार वरनं. मी दोगांनाबी दिली."

पार वरून. मी अवीकडे बघितलं. तो चहाच्या कपात बघत होता.

"तू वर गेला होतास," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. मला आधी रागच आला. इतक्या वर्षांचं आमचं शेपूट, आणि हा एकटा जाऊन आला, आणि धारेवर मला सांगितलंही नाही. मी तसं बोलूनही गेले. हिरी चुलीकडे वळून बसली.

"तो दगड सोपा होता," अवी म्हणाला. "मी एक हाक मारली आणि ओ आली. मला वाटलं तू निघालीस. पुन्हा मारली, पुन्हा आली. म्हटलं, ताई मागेच आहे, आपण वर पोचून तिला हात देऊ. वर गेलो, खाली वाकलो आणि हात पुढे केला."

"मग?"

"धुक्यात काही दिसत नव्हतं. ओ तर येतच होती. म्हटलं, येशील. कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला होता."

हिरीने न विचारता आमच्या कपांत पुन्हा चहा ओतला.

पनवेल

गुरुवारी तो गेला. डिसेंबरात मेधा आणि त्यांची लहान मुलगीही गेली. दोन वर्षं कधीच उलटून गेली. कॉम्प्युटर काही गोंधळले नाहीत, पण ते न गोंधळल्यामुळे कुणी परत आलं असंही नाही. फोनवर तो विचारतो, डोंगरात जातेस की नाही. मी जाते. शाळेतल्या मुलींना घेऊन कर्नाळ्याला जाते, प्रबळच्या माचीवर जाते. हिरीने नवरात्रानंतर, गवत वाळलं की, स्वतः चंदेरीच्या टोकावर नेते म्हणून सांगितलं होतं. दर वर्षी निरोप पाठवते. स्वच्छ हवेत ती वाट अवघड नाही. मी गेलेले नाही. मला माथा बघायचा नव्हताच. मला अवीच्या शेजारी उभं राहायचं होतं.

गच्चीवर कपडे वाळत घालताना चंदेरी दिसतो. पावसाळ्यात त्याचं टोक सहसा झाकलेलं असतं, आणि तेव्हाच मी जास्त वेळ बघत उभी राहते. आई खालून विचारते, किती वेळ लागतो गं चार कपड्यांना? खरं सांगून उपयोग नाही. त्या ढगात, त्या कातळावर, माझा भाऊ वाकून हात पुढे करून उभा आहे, त्याला माझी ओ ऐकू येते आहे, आणि मी येतेच आहे असं तो धरून चालला आहे.